पत आणि पत्ता

आमच्या परिचयाचे एक शिक्षक आहेत. नोकरी कायम, पगार दरमहा बँकेत जमा होतो, घरासाठी घेतलेल्या कर्जाचा एकही हप्ता चुकलेला नाही. पतमापन कंपनीच्या अहवालात त्यांना साडेसातशेच्या वर गुण आहेत. एके दिवशी त्यांच्या मोबाईलवर एका बँकेचा संदेश आला, आपल्यासाठी क्रेडिट कार्ड आधीच मंजूर झाले आहे, फक्त अर्ज भरा. त्यांनी अर्ज भरला, पगारपत्रके जोडली, घरी येऊन पत्ता पाहून जाणाऱ्या तरुणाला चहा पाजला. तीन आठवड्यांनी उत्तर आले, ‘बँकेच्या अंतर्गत धोरणानुसार आपला अर्ज मंजूर करता येत नाही.’

कार्डावाचून त्यांचे काही अडत नव्हते. पण दावतीला बोलावून दारातून परत पाठवावे तसे त्यांना झाले. ते आम्हांला म्हणाले, ‘‘भाई, खोट माझ्या हिशेबात आहे, की माझ्या पत्त्यात?’’

आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. बँकेच्या व्यवहारातले आम्हांला फारसे कळत नाही. परंतु वाचत गेलो तसे ध्यानात आले, की हा प्रश्न बँकेचा जेवढा आहे तेवढाच इतिहासाचाही आहे. माणसाची पत कोणी ठरवायची, कशावरून ठरवायची, आणि ती ठरवताना लिहिलेला कागद त्या माणसाला दिसावा की नाही, यावर गेल्या दीडशे वर्षांत मोठी भांडणे झालेली आहेत. त्यातले एक तर आपल्या पुणे-नगरच्या मातीतच झाले.

सावकाराची वही

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेला. तिथून हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. या दंग्यांत माणसे मारण्याकडे लोकांचा कल नव्हता. त्यांना हवे होते ते सावकाराकडचे कागद. कर्जरोखे, खाती, हुकूमनामे मागून घ्यायचे आणि चव्हाट्यावर जाळायचे, असा एकूण प्रकार होता.

शेतकऱ्याने कागदावर राग का काढावा? कारण वही सावकाराच्या घरी होती. तीत काय लिहिले आहे, किती फेडले, किती उरले, हे शेतकऱ्याला वाचता येत नव्हते आणि कुणी दाखवतही नव्हते. अंगठा त्याचा, लेखणी दुसऱ्याची. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली ‘दख्खन शेतकरी साहाय्य कायदा’ केला. या कायद्यातल्या जमिनीविषयीच्या तरतुदींवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आमचे लक्ष मात्र त्यातल्या एका साध्या गोष्टीने वेधले. कर्जफेडीची लेखी पावती मिळणे, वर्षाकाठी खात्याचा उतारा मिळणे आणि मागितल्यास हिशेबाचे पासबुक मिळणे हा शेतकरी ऋणकोचा हक्क आहे, असे या कायद्याने मान्य केले. पत ठरवणारी वही ऋणकोलाही दिसली पाहिजे, हे तत्त्व आपल्याकडे तेव्हाच कायद्यात आले.

आम्हां मुसलमानांना हे तत्त्व नवे वाटू नये. सूरह बकराची २८२ वी आयत ही कुरआन शरीफातली सर्वांत लांब आयत, आणि तिचा विषय आहे कर्जाचा दस्तऐवज. कर्ज ठरावीक मुदतीचे असेल तर लिहून ठेवा, लिहिणारा न्यायाने लिहो, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असली तरी लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय. त्यात आणखी एक बारकावा आहे. मजकूर सांगायचा तो कर्ज देणाऱ्याने नव्हे, तर ज्याच्यावर देणे आहे त्याने. म्हणजे जो कमकुवत बाजूला उभा आहे त्याच्या तोंडून दस्तऐवज उतरावा. आमच्या मित्राच्या बाबतीत नेमके उलटे घडले. त्यांच्याविषयी कुठेतरी काहीतरी लिहिले गेले, त्यावरून निकाल लागला, आणि त्यांना फक्त ‘अंतर्गत धोरण’ एवढे दोन शब्द मिळाले.

चारित्र्याच्या नोंदवह्या

ज्या व्यवस्थेतून आजचे क्रेडिट कार्ड आणि पतगुण निघाले तिचे मूळ अमेरिकेत आहे, म्हणून थोडे तिकडे जावे लागेल.

न्यूयॉर्कमध्ये लुईस टॅपन नावाचा रेशमाचा व्यापारी होता. धर्मनिष्ठ ख्रिस्ती आणि गुलामगिरीचा कट्टर विरोधक. १८३७ च्या मंदीत त्याची व त्याच्या भावाची पेढी कोसळली, कारण उधारीवर माल नेलेल्या व्यापाऱ्यांकडून वसुली होईना. गावातल्या गिऱ्हाइकाची पत सावकाराला तोंडपाठ असते, पण हजार मैलांवरच्या दुकानदाराची पत कशी कळावी? या अडचणीतून टॅपनने १८४१ साली ‘मर्कंटाईल एजन्सी’ काढली. गावोगावचे वकील वगैरे मंडळी तिकडच्या व्यापाऱ्यांविषयी माहिती लिहून पाठवीत आणि न्यूयॉर्कमध्ये ती मोठ्या वह्यांत उतरवली जाई. अशा अडीच हजारांवर वह्या हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवलेल्या आहेत.

या वह्यांत केवळ जमाखर्च नाही. माणूस दारू पितो का, संसार नीट करतो का, सासरा श्रीमंत आहे का, याच्याही नोंदी आहेत. ज्यू व्यापाऱ्यांच्या नोंदींत तो ज्यू असल्याचे मुद्दाम लिहिलेले आढळते, आणि तेही बहुधा सावधगिरीचा इशारा म्हणून. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या माणसाने सुरू केलेल्या वहीतही धर्म शिरला तो असा.

गणिताचा काटा

पुढे शंभर वर्षांनी दोघांना वाटले, की माणसाच्या मतापेक्षा गणित बरे. बिल फेअर हा अभियंता आणि अर्ल आयझॅक हा गणिती, या दोघांनी १९५६ साली कॅलिफोर्नियात ‘फेअर, आयझॅक’ ही कंपनी काढली. जुन्या कर्जदारांपैकी कुणी फेडले, कुणी बुडवले हे पाहायचे, त्यांच्या अर्जांतल्या कोणत्या गोष्टींचा फेडण्याशी संबंध दिसतो ते शोधायचे, आणि नव्या अर्जदाराला त्याप्रमाणे गुण द्यायचे, अशी त्यांची रीत. आरंभी त्यांनी देशातल्या पन्नास मोठ्या कर्जदात्या संस्थांना पत्रे लिहिली. उत्तर एकाच संस्थेचे आले.

त्याच सुमारास कार्डांचाही जन्म झाला. १९५८ च्या सप्टेंबरात बँक ऑफ अमेरिकाने फ्रेस्नो शहरात साठ हजार कार्डे कुणी न मागता टपालाने पाठवून दिली. पत न पाहता कार्डे वाटल्याचा परिणाम लौकरच दिसला. पैसे थकले, कार्डे चोरीला गेली. न मागता कार्ड पाठवण्यावर तिथे १९७० साली बंदी आली. मग बँकांनी कार्डाऐवजी कार्डाचे आमंत्रण पाठवायला सुरुवात केली. पतमापन कंपनीकडून ठरावीक निकषांत बसणाऱ्यांची यादी घ्यायची आणि त्या सर्वांना ‘आपली निवड झाली आहे’ असे कळवायचे. आमच्या मित्राला आलेला संदेश याच वंशातला. त्यातले ‘मंजूर’ म्हणजे पहिल्या चाळणीतून पार पडलेले, इतकेच. खरी तपासणी अर्जानंतर सुरू होते.

गणिताच्या काट्याने काहीच भले केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. समोर बसलेल्या अधिकाऱ्याच्या लहरीपासून त्याने पुष्कळांना सोडवले. १९८९ पासून अमेरिकेत सर्वत्र वापरात आलेल्या फेअर-आयझॅकच्या गुणांत वंश, धर्म वा पत्ता मोजला जात नाही. मागची फेड, थकलेले देणे, कर्जाचे वय, अशाच बाबी मोजल्या जातात. पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. गुण पतमापन कंपनी देते, निकाल बँक देते. गुणांत पत्ता नाही म्हणून निकालात तो नाही, असे होत नाही.

लाल रंगाचा नकाशा

निकालात पत्ता कसा शिरतो, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण अमेरिकेतलेच आहे. मंदीच्या काळात, १९३३ साली, तिथल्या सरकारने घरकर्जात बुडालेल्यांना आधार देण्यासाठी एक महामंडळ स्थापन केले. या महामंडळाने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार करवले. प्रत्येक वस्तीला चार श्रेणींपैकी एक श्रेणी आणि तिचा रंग : उत्तम ती हिरवी, बरी ती निळी, उतरती ती पिवळी आणि धोक्याची ती लाल. काळ्या लोकांच्या वस्त्या जवळपास सगळ्या लाल रंगात गेल्या. १९३४ साली स्थापन झालेल्या संघराज्याच्या गृहनिर्माण प्रशासनाने कर्जाला हमी देताना असेच निकष वापरले. लाल वस्तीतला माणूस कितीही कमावता आणि प्रामाणिक असो, त्याचे घर चुकीच्या रंगात होते.

आणि तो तिथे राहत होता तो आपल्या मर्जीने नव्हे. गोऱ्या वस्त्यांतल्या घरांच्या खरेदीखतातच ‘काळ्या माणसाला विकू नये’ अशा अटी असत. आधी त्याला एका वस्तीत कोंडायचे, आणि मग वस्ती वाईट म्हणून त्याला कर्ज नाकारायचे. कर्ज नाही म्हणून घरांची डागडुजी नाही, दुकाने चालत नाहीत, वस्ती आणखी खालावते, आणि नकाशा खरा ठरतो. या प्रकाराला पुढे ‘रेडलायनिंग’, म्हणजे लाल रेघ ओढणे, असे नाव पडले.

तिकडचे लोक याविरुद्ध लढले आणि कायदे करून घेतले. १९६८ च्या कायद्याने घरांच्या व्यवहारातला भेदभाव बेकायदा ठरला. १९७० च्या कायद्याने आपल्याविषयी पतमापन कंपनीकडे काय नोंद आहे हे जाणण्याचा हक्क मिळाला. त्यानंतर स्त्रिया पुढे आल्या. चांगला पगार असलेल्या बाईलाही नवऱ्याच्या सहीशिवाय कार्ड मिळत नसे. त्यांच्या रेट्यामुळे १९७४ साली समान पतसंधीचा कायदा झाला आणि पतव्यवहारात लिंग व वैवाहिक स्थिती यांवरून भेद करण्यास बंदी आली. १९७६ च्या दुरुस्तीने त्यात वंश, वर्ण, धर्म, मूळ देश आणि वय यांची भर पडली, आणि नकार दिला तर त्याची नेमकी कारणे अर्जदाराला कळण्याचा हक्कही आला. आम्हांला या सर्वांत हा शेवटचा हक्क मोलाचा वाटतो. कारण उघड सांगावे लागले, की ते लपवणे कठीण होते.

आमचे मोहल्ले

आता आपल्या घराकडे वळू. भारतात बँकांची क्रेडिट कार्डे १९८० च्या सुमारास आली; सेंट्रल बँकेचे कार्ड त्यांत पहिले. ती सर्वसामान्य पगारदारापर्यंत पोचली ती नव्वदीच्या दशकात परदेशी आणि खासगी बँकांमुळे. कर्जदारांची एकत्र नोंद ठेवणारी ‘सिबिल’ ही कंपनी २००० साली स्थापन झाली, अशा कंपन्यांसाठीचा कायदा २००५ साली झाला, आणि तीनशे ते नऊशे या मापातले गुण त्यानंतर रूढ झाले.

याच काळात आमच्या वस्त्यांत एक शब्द कानी पडू लागला, ‘निगेटिव्ह एरिया’. ज्या भागात वसुली अवघड असा बँकेचा समज, तो भाग या यादीत. ही केवळ आमची तक्रार असती तर कुणी मनावर घेतली नसती. परंतु न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ च्या आपल्या अहवालात हे नमूद केले, की काही बँकांनी मुस्लिमबहुल भागांची नोंद नकारात्मक भौगोलिक क्षेत्रे अशी करून ठेवली आहे आणि तिथे कर्ज व इतर सोयी सहज मिळत नाहीत. २००१ च्या जनगणनेत मुसलमानांचे प्रमाण १३.४ टक्के होते. अग्रक्रम क्षेत्राच्या थकीत कर्जरकमेतला त्यांचा वाटा समितीला पाच टक्क्यांहूनही कमी आढळला.

हे पत्ते आमचे झाले तरी कसे? डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईच्या दंगलींनंतर संमिश्र वस्त्यांतली कितीतरी कुटुंबे घरे मिळेल त्या भावाला विकून मुंब्र्याला गेली. त्यांत बँकेचे कारकून होते, शिक्षक होते, गोदीतले कामगार होते. ‘मुसलमानाला घर देत नाही’ हे वाक्य आजही शहरांत ऐकावे लागते. म्हणजे जो पत्ता भीतीने आणि नकाराने दिला, तोच पत्ता पुढे धोका म्हणून मोजला गेला. शिकागो आणि मुंब्रा यांचा इतिहास एक नाही, हे आम्ही जाणतो. आपल्याकडे सरकारने रंगवलेला नकाशा नव्हता. पण आधी कोंडणे आणि मग कोंडलेल्या जागेवरून पारखणे, ही चाल ओळखीची आहे.

रिझर्व्ह बँकेने २००३ साली कर्जदात्यांसाठी जी आचारसंहिता दिली तीत स्पष्ट म्हटले आहे, की कर्ज देताना लिंग, जात आणि धर्म यांवरून भेद करू नये. या यादीत पत्ता नाही. आणि आपल्या शहरांत पत्ता सांगितला की धर्म वेगळा सांगावा लागत नाही.

प्रत्येक नकार द्वेषाचा नसतो

एवढे लिहिल्यावर दुसरी बाजूही सांगणे आमचे कर्तव्य आहे. प्रत्येक नकारात धर्म शोधणे हीदेखील आपली फसवणूक ठरेल. वसुलीला अवघड म्हणून पोलीस, वकील आणि पत्रकार यांनाही बँका टाळतात, हे सर्वश्रुत आहे; झोपडपट्टीतला हिंदू दलितही याच पत्त्याच्या चाळणीत अडकतो. शिवाय चांगले गुण असूनही नकार येण्याची साधी कारणे पुष्कळ आहेत. गुण मागची फेड सांगतात, बँक पुढचे उत्पन्न पाहते. पगारातला मोठा हिस्सा हप्त्यांत जात असेल तर ती थांबते. थोड्या दिवसांत चार ठिकाणी अर्ज केले, तर प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि माणूस गरजू दिसू लागतो. एका नकारानंतर रागाने लगेच दुसरीकडे अर्ज करणे म्हणूनच अंगाशी येते. भावकीतल्या किंवा मित्राच्या कर्जाला जामीन राहिलो असू, तर त्याचे ओझेही आपल्या नावावर दिसते. आणि बँक कार्ड देते ते धंद्यासाठी. दरमहा सगळी रक्कम फेडून एक पैसा व्याज न देणारा माणूस पतीने उत्तम असला तरी तिच्या नफ्याच्या गणितात उत्तम असतोच असे नाही.

दोन कारणे मात्र खास आमची आहेत. व्याज नको म्हणून आपल्यातले कितीतरी लोक आयुष्यभर कर्जापासून दूर राहतात. कुणाचे देणे नसणे ही आपल्या दृष्टीने सर्वांत मोठी पत. पतमापन कंपनीच्या दृष्टीने मात्र अशा माणसाची नोंदच नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याला गुण नाहीत. दुसरे कारण नावाचे. मोहम्मद, मुहम्मद, मोहंमद आणि नुसते ‘मो.’ अशी एकाच माणसाची चार कागदांवर चार नावे. आणि त्याच गल्लीत शेख, खान, अन्सारी या आडनावांची, त्याच नावांची आणखी पाच माणसे. नोंदी एकमेकांत मिसळायला याहून वेगळे काय लागते? हा दोष आपण थोडी काळजी घेऊन कमी करू शकतो. सर्व कागदांवर एकच नाव, एकच स्पेलिंग ठेवणे आपल्या हातात आहे.

कारण लिहून द्या

मग खोट हिशेबात की पत्त्यात, हे ओळखायचे कसे? मार्ग एकच, कारण लेखी मागणे. छोट्या कर्जाचा अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावे, हे २००३ च्या आचारसंहितेत होते. २००७ साली रिझर्व्ह बँकेने ते सर्व कर्जांना आणि क्रेडिट कार्डांच्या अर्जांनाही लागू केले. कार्डांविषयीच्या २०२२ च्या निर्देशांत नकाराचे नेमके कारण लेखी कळवावे असे पुन्हा सांगितले गेले. २०१७ पासून प्रत्येक पतमापन कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल विनामूल्य मागता येतो. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्याला मिळालेला वार्षिक उतारा नव्या रूपात परत आला, असेच म्हणायचे. अहवालातली चूक कळवूनही तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर त्यापुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई, अशी तरतूद २०२३ साली झाली. बँकेने कार्ड द्यावेच असे कुणी तिला भाग पाडू शकत नाही. तो तिचा व्यावसायिक निर्णय. पण कारण न सांगणे हा तिचा हक्क नाही, आणि त्याची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे करता येते.

आपल्या समाजात हे फारसे घडत नाही. नकार आला की आपण एक तर ‘आपल्या नशिबी हेच’ म्हणून गप्प बसतो, किंवा चहाच्या टपरीवर संताप काढतो. दोन्हींमुळे कागदावर काही उमटत नाही. आणि जे कागदावर नाही त्याची पुढच्या कोणत्याही समितीला मोजदाद करता येत नाही.

आमच्या मित्राला आम्ही हे सर्व सांगितले. त्यांनी आधी आपला अहवाल मागवला. तो स्वच्छ निघाला. नाव, जन्मतारीख, हप्ते, सर्व जुळत होते. मग त्यांनी बँकेला मराठीत अर्ज लिहिला, की ‘अंतर्गत धोरण’ हे कारण नव्हे, नेमके कारण कळवावे. पहिल्या पत्राला उत्तर आले नाही. दुसरे पत्र त्यांनी पोच घेऊन दिले. त्यानंतर महिनाभराने एका ओळीचे उत्तर आले, ‘आपले निवासस्थान बँकेच्या सेवाक्षेत्राच्या निकषांत बसत नाही.’ त्यांच्या घरापासून त्या बँकेची शाखा चालत दहा मिनिटांवर आहे.

कार्ड मिळाले नाही. ते पत्र मात्र मित्राने घराच्या कर्जाच्या पावत्यांबरोबर त्याच फाइलमध्ये नीट लावून ठेवले आहे. मोहल्ल्यातल्या आणखी तिघांना असेच नकार आले होते. त्यांचे अर्ज त्यांनी परवा आपल्या हाताने लिहून दिले.